बारा पानं एकाच वेळी

भाचीचं केळवण असतं, दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर असतं, कुणाची बदली, कुणाची पंच्याहत्तरी, बायकांची भिशी, नाहीतर 'बऱ्याच दिवसांत सगळे भेटलो नाही' एवढंच निमित्त. ग्रुपवर प्रश्न पडतो, "रविवारी कुठे जायचं?" आणि नावं यायला लागतात. कुणाला एका ठिकाणची बिर्याणी आवडते, कुणाला दुसरीकडचं थालीपीठ. प्रत्येकाचं म्हणणं खरं असतं. तरीही त्यातून निवडलेली जागा पुष्कळदा फसते. टेबलं दोन कोपऱ्यांत मिळतात, अर्ध्यांचं जेवण उरकतं तेव्हा उरलेल्यांची भाजी येते, आजोबांना समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही आणि शेवटी बिलावरून कुजबुज होते.

पदार्थ वाईट होते म्हणून हे होतं असं नाही. दोघांनी जाऊन एखादा पदार्थ खाणं आणि बारा जणांनी एकत्र जेवणं, ही हॉटेलच्या दृष्टीने दोन निराळी कामं आहेत. पहिल्याला आचाऱ्याचा हात पुरतो. दुसऱ्यात भटारखाना, वाढपी, टेबलं, हात धुवायची जागा या सगळ्यांचा एकदम कस लागतो. म्हणून गटासाठी जागा शोधताना 'इथे काय चांगलं मिळतं' हा प्रश्न दुसरा ठेवावा, असा माझा आग्रह आहे. पहिला प्रश्न असा: हे स्वयंपाकघर बारा पानं एकाच वेळी वाढू शकतं का?

रविवारी दुपारी दीड वाजता एखाद्या पंजाबी-चायनीज-साउथ इंडियन हॉटेलचा भटारखाना डोळ्यांपुढे आणा. कॅप्टन तुमची ऑर्डर लिहून घेतो आणि तिची चिठ्ठी, म्हणजे केओटी, आत जाते. बारा जणांनी मिळून सहा भाज्या, दोन बिर्याण्या, एक हक्का नूडल्स, दोन मसाला डोसे आणि तंदुरी रोट्या मागवल्या आहेत. आत भाज्यांचा आचारी वेगळा, चायनीजच्या कढईवर वेगळा माणूस, तव्यावर वेगळा, तंदूरवर वेगळा. या चौघांसमोर तुमच्या चिठ्ठीबरोबर आणखी आठ-दहा टेबलांच्या चिठ्ठ्या टांगलेल्या. डोसा झटकन होतो. बिर्याणी तयारच असते, फक्त गरम करून द्यायची. सगळ्यात जास्त अडतं ते तंदूरवर. भट्टीच्या भिंतीला एका वेळी मोजक्याच रोट्या लागतात. रोटी एक-दोन मिनिटांत भाजून निघते खरी, पण पनीर टिक्क्याच्या आणि कबाबांच्या सळयाही त्याच भट्टीत उतरतात. बारा माणसांच्या चोवीस रोट्या म्हणजे तीन-चार घाणे, आणि प्रत्येक घाण्यात दुसऱ्या टेबलांचा वाटा. म्हणून डोसा खाणारा हात धुऊन येतो तेव्हा रोटीवाल्याच्या ताटात दुसरी रोटी पडलेली नसते. यात आचाऱ्याचं काही चुकलेलं नसतं, ऑर्डरच तशी दिलेली असते.

अशा हॉटेलच्या मेनूकार्डावर दीडशे पदार्थ छापलेले असले तरी आत बहुधा तीन-चारच ग्रेव्ह्या असतात, सकाळीच शिजवून ठेवलेल्या. कांदा-टोमॅटोची तांबडी, काजू-मगजबीची पांढरी, खरपूस परतलेल्या कांद्याची तपकिरी आणि पालकाची हिरवी. पनीर बटर मसाला तांबडीतून निघतो, मलई कोफ्ता पांढरीतून, पालक पनीर हिरवीतून. वरून मसाला, मिरची, क्रीम बदलतं आणि नाव बदलतं. यात लबाडी काही नाही. ही तयारी नसेल तर दहा-पंधरा मिनिटांत भाजी टेबलावर येणारच नाही. पण एवढं ठाऊक असलं की बारा जणांची ऑर्डर देणं सोपं होतं. वेगवेगळ्या नावांच्या सहा भाज्या मागवल्या आणि त्यातल्या चार तांबड्या निघाल्या, तर विविधता कार्डावरच राहिली. त्यापेक्षा प्रत्येक रंगाची एक, एखादी सुकी भाजी, एक डाळ, आणि प्रत्येकीच्या दोन-तीन प्लेटा. एकाच कढईत तीन प्लेट भाजी एकदम होते, म्हणून ती बाहेरही एकदम येते. रोट्या घाण्याघाण्याने येणार हे धरून भात जोडीला आधीच सांगून ठेवावा. मुलांना डोसा किंवा नूडल्स हवेच असतील तर ते सगळ्यांच्या आधी मागवावेत. मुलं तशीही थांबत नाहीत.

हा सगळा गुंता ज्या पद्धतीत मुळातच नाही, ती थाळी. थाळीच्या हॉटेलात मेनू हॉटेलने ठरवलेला असतो आणि तोच तिचा मोठा गुण आहे. आत मोठ्या पातेल्यांत दोन भाज्या, एक उसळ, आमटी किंवा कढी, एक गोड पदार्थ तयार असतो. ऐन वेळी होतात त्या फक्त पोळ्या आणि भजी-पुऱ्यांसारखं तळण. ताट मांडलं की मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे पडते, भाजी, उसळ, आमटी उजवीकडे. एका वाढप्याच्या हातात एकाच दांडीला जोडलेली चार भांडी, तो एका फेरीत चार पदार्थ वाढून पुढे सरकतो. त्याच्या मागून पोळ्यांचं ताट येतं, त्याच्या मागून तूप. पाहता पाहता बाराही पानं भरतात आणि सगळे एकदम पहिला घास घेतात. कुणी कुणासाठी खोळंबत नाही. कुणाला पोळी हवी, कुणाला फक्त भात, कुणाला दोनदा आमरस, हे सगळं त्याच व्यवस्थेत बसतं आणि हिशेब मात्र माणशी ठरलेला राहतो. चांगल्या थाळीच्या ठिकाणाची परीक्षा दुसऱ्या फेरीत होते. पहिल्यांदा सगळेच वाढतात. दुसऱ्यांदा भाजी मागावी लागली, की मागायच्या आतच वाढपी तुमच्या वाटीकडे बघून आला, हे पाहावं. ज्या हॉटेलात वाढपी टेबलांमधून सतत फिरता असतो आणि एका जागी उभा दिसत नाही, तिथे बारा काय, वीस माणसं नेली तरी निभावतं.

ही पद्धत हौसेतून आलेली नाही, गरजेतून आलेली आहे. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेल्या एकट्या कामगारांना जेवू घालणाऱ्या बायका पाळ्यांच्या वेळा सांभाळून घरातल्याच चुलीवर खानावळ चालवायच्या. महिन्याचे पैसे, ठरलेली माणसं, ठरलेलं जेवण. सावकाराच्या व्याजात अडकलेल्या याच बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून देण्याची वाट काढली. काळबादेवीत कापड बाजारातल्या माणसांसाठी गुजराती भोजनालयं उभी राहिली. त्यातलं १९४५ सालचं ठाकर भोजनालय आजही थाळीसाठी ओळखलं जातं. माटुंगा स्टेशनजवळचं रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासूनचं, केळीच्या पानावर जेवण वाढणारं. पुण्यात विद्यार्थ्यांच्या आणि एकट्या नोकरदारांच्या जिवावर बोर्डिंगं चालली. टिळक रोडवरचं बादशाही त्यातलंच.

गटाने जेवायला जाणाऱ्याला या इतिहासाचा फार व्यवहारी उपयोग आहे. रोज जेवणाऱ्या माणसाला फसवता येत नाही. महिन्याचा मेंबर काल काय होतं ते लक्षात ठेवतो, उरलेली उसळ दुसऱ्या दिवशी आमटीत आली तर ओळखतो, तेल बदललं की बोलतो. म्हणून नव्या गावात किंवा नव्या भागात जागा शोधताना मी प्रथम विचारतो, इथे महिन्याचे मेंबर जेवतात का, आसपासचे दुकानदार, बँकेतली माणसं, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी दुपारी कुठे बसतात. अशा ठिकाणची सजावट साधी असेल, पण ज्या स्वयंपाकघराची आठवड्याच्या मधल्या दिवशीही रोज परीक्षा होते, ते रविवारच्या गर्दीला गडबडत नाही. फक्त सुट्टीच्या दिवशी भरणाऱ्या हॉटेलांचं तसं नसतं. तिथे मंगळवारी काय शिजतं, हे कुणी पाहिलेलं नसतं.

थाळीला एक मर्यादा आहे आणि ती आधीच समजून घ्यावी. रविवारी दुपारी गर्दीच्या थाळी हॉटेलात गप्पा मारत बसता येत नाही. तुमच्या खुर्चीमागे पुढचं कुटुंब उभं असतं आणि ते गैर नाही, त्या दरात पोटभर जेवण देणारं हॉटेल टेबलं भरभर मोकळी होण्यावरच चालतं. तेव्हा आपल्याला जेवायचं आहे की बोलत बसायचं आहे, हे ठरवायला हवं. केळवणाला दोन्ही हवं असतं. त्याला उपाय आहे: रविवार सोडून शनिवारची दुपार धरायची, किंवा थाळी जेवून गप्पांसाठी कुणाच्या तरी घरी जायचं. पुण्यात आपटे रोडचं श्रेयस, टिळक रोडचं दुर्वांकुर या थाळीच्या ठिकाणांना कुटुंबांच्या मोठ्या गटांची सवय आहे. तरीही आधी फोन करावाच. "बारा जण आहोत, एकत्र बसायला मिळेल का?" असं विचारलं की बऱ्याच ठिकाणी उत्तर येतं, "रविवारी बुकिंग नाही घेत हो. साडेअकराला या, लावून देतो टेबल." या उत्तरावर विश्वास ठेवावा आणि खरंच साडेअकराला पोचावं. बारा वाजून गेले की तोच माणूस इच्छा असूनही काही करू शकत नाही.

जेवणाऐवजी नाश्ता धरला तर अनेक अडचणी आपोआप सुटतात, हे लोकांच्या फारसं लक्षात येत नाही. मिसळ गटासाठी जवळजवळ आदर्श पदार्थ आहे. मटकी शिजलेली, कट पातेल्यात उकळतो आहे, फरसाण डब्यात. ताटली भरायला अर्धं मिनिट लागतं आणि तिखटाचं प्रमाण ज्याने त्याने आपल्यापुरतं ठरवायचं. नाशिककरांनी हे चांगलं ओळखलं आहे. तिथे गावाबाहेर मोकळ्या आवारात, झाडाखाली बाकडी टाकून चालणारी मिसळीची ठिकाणं आहेत. त्यातल्याच साधनाची चुलीवरची मिसळ खायला रविवारी सकाळी मोठमोठी कुटुंबं जातात, मुलं खेळत राहतात, मोठे दुसरा पाव मागवतात. कमी खर्चात एवढं निवांत एकत्र बसणं दुपारच्या जेवणात मिळणं कठीण.

मांसाहारी जेवणात गटाला सगळ्यात सोयीची पद्धत कोल्हापूरची. मटणाच्या थाळीत सुकं मटण मोजून येतं, पण तांबडा आणि पांढरा रस्सा फिरता राहतो. महाग ते मर्यादित आणि स्वस्त ते भरपूर, या हिशेबामुळे हॉटेलला परवडतं आणि जेवणाऱ्याला हात आखडता घेतल्यासारखं वाटत नाही. पांढरा रस्सा मटणाच्या आळणी पाण्यात नारळाचं दूध, खसखस, काजू घालून करतात. तो आधी नुसता प्यायला घ्यावा. तिखट न सोसणाऱ्या माणसाला आणि मुलांना त्याच टेबलावर भाताबरोबर तो चालतो, त्यामुळे घरातल्या सगळ्यांना एका जागी नेता येतं. बिर्याणीच्या ठिकाणी मात्र वेळ पाहावी. दमाची बिर्याणी एका वेळी एक हंडा अशी लागते आणि हंडा उघडल्यावर पहिल्या तासाभरात जी मजा असते, ती तिसऱ्या तासाला उरत नाही. मोठ्या गटाने आदल्या दिवशी किलोच्या हिशेबात सांगून ठेवलं तर बरीच ठिकाणं आपल्या वेळेला हंडा लावतात.

माशांच्या हॉटेलात दोन गोष्टी विचारल्याशिवाय ऑर्डर देऊ नये. मेनूकार्डावर पापलेट, सुरमई, खेकडे, लॉबस्टर यांच्यासमोर किमतीऐवजी 'एपीएस' छापलेलं असतं, म्हणजे आकाराप्रमाणे दर. दोघे असाल तर फरक सोसतो. बारा जणांत पाच पापलेटं न विचारता मागवली तर बिल अंदाजाच्या दुप्पट होऊ शकतं. वेटरला नग आणून दाखवायला सांगणं यात संकोचण्यासारखं काही नाही, चांगल्या लंच होममध्ये तो रिवाजच आहे. दुसरी गोष्ट हंगामाची. महाराष्ट्रात आणि गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत सुरमई-पापलेट मिळाली तरी ती साठवणीतली किंवा बाहेरून आलेली असण्याचा संभव मोठा. तेव्हा खाडीची मासळी, तिसऱ्या, सुका जवळा, सोड्यांचं कालवण मागवावं. सिंधुदुर्गातल्या घरगुती खानावळींत तर आदल्या संध्याकाळी माणसांचा आकडा कळवावाच लागतो. सकाळी बंदरावर जे येईल ते आणि तेवढंच घेतलं जातं. आयत्या वेळी दहा माणसं दारात उभी राहिली तर त्या बाईंनी मासे आणायचे कुठून?

महिना आणि वार यांचा विचारही इथेच करावा. श्रावणात मांसाहारी हॉटेलं ओस पडतात. टेबल लगेच मिळतं, पण माल कमी खपत असल्यामुळे ताजेपणाची खात्री कमी होते. आषाढ अमावास्येच्या आधीच्या रविवारी याच्या बरोबर उलट, माल ताजा आणि बसायला जागा नाही. संकष्टीला संध्याकाळी थाळीच्या हॉटेलात चंद्रोदयानंतर एकदम गर्दी होते. मोठ्या गटाने तो दिवस टाळावा.

आता राहिला नेट आणि नकाशावरच्या तारकांचा प्रश्न. सरासरी तारका पाहून गटासाठी जागा निवडता येत नाही, कारण त्या बहुतेक दोघा-चौघांच्या अनुभवावर मिळालेल्या असतात. शिवाय फार खूश झालेली आणि फार चिडलेली माणसंच लिहितात, मधली लिहीत नाहीत. ग्राहकांची ऑनलाइन मतं कशी गोळा करावीत आणि तपासावीत, यासाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली 'आयएस १९०००' हे मानकही काढलं, यावरून खोट्या अभिप्रायांचा प्रश्न किती वाढला आहे ते कळतं. वाचायचं तर असं वाचावं: गेल्या तीन-चार महिन्यांतलंच, कमी तारका देणाऱ्यांचं आधी, आणि त्यात 'आम्ही दहा जण होतो', 'रविवारी गेलो', 'आईला घेऊन गेलो' असे शब्द शोधून. चव आवडली नाही ही तक्रार मी सोडून देतो. थांबावं लागलं, वेगवेगळं बसवलं, जेवण मागेपुढे आलं, या तक्रारी दोन-तीनदा दिसल्या तर ते ठिकाण गटासाठी बाद. ग्राहकांनी टाकलेले फोटो मजकुरापेक्षा उपयोगी. त्यात टेबलांची मांडणी दिसते, जिना दिसतो, कधी बिलही दिसतं.

एवढं करूनही रंगीत तालमीला पर्याय नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी दोघांनी जाऊन यावं, साधंच काहीतरी खावं आणि डोळे उघडे ठेवावेत. बेसिनजवळ साबण आहे का, पाण्याचा जग स्वच्छ आहे का, टेबल पुसायचं फडकं कसं आहे. हे सांभाळणारा माणूस आतली भांडीही सांभाळतो, असा माझा अनुभव आहे. बुफे किंवा थाळीतलं गरम अन्न ६० अंश सेल्सियसच्या वर राहायला हवं. त्यासाठी थर्मामीटर लागत नाही, वाढलेल्या आमटीतून वाफ येते का एवढं पाहिलं तरी अंदाज येतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक बिलावर छापणं १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे. छोट्या खानावळीलाही नोंदणी लागते. तो क्रमांक बिलावर असेल तर कारभार नेटका आहे, असं मानायला हरकत नाही.

त्याच फेरीत बसण्याची जागा ठरवावी. उत्क्रांतीचे अभ्यासक रॉबिन डनबार यांच्या निरीक्षणानुसार एका संभाषणात सहसा चारच माणसं टिकतात. पाचवा आला की गप्पांना फाटे फुटतात. बारा जणांचं लांबच लांब टेबल लावलं की दोन टोकांची माणसं एकमेकांशी न बोलताच घरी जातात. त्यापेक्षा सहा-सहाची दोन टेबलं शेजारी लावून जेवणाच्या मध्ये जागा बदलणं चांगलं, किंवा रुंद चौकोनी मांडणी करून घ्यावी. पंच्याहत्तरीला ज्यांच्यासाठी जमलो आहोत त्यांना टोकाला 'मानाच्या' जागी बसवतात, ते मला पटत नाही. त्यांना मध्ये बसवावं, म्हणजे सगळ्यांशी बोलता येतं.

आवाजाचं गणितही असंच आहे. फ्रेंच कान-नाक-घसा तज्ज्ञ एतिएन लोम्बार यांनी १९११ साली दाखवून दिलं, की भोवती गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो. हॉटेलात प्रत्येक टेबल शेजारच्या टेबलावर आवाज चढवत जातं. गुळगुळीत फरशी, काचेच्या भिंती, वर संगीत, अशा दालनात तासाभराने ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. ऐकायला कमी येणाऱ्यांना याचा सगळ्यात जास्त त्रास होतो. यंत्र लावणाऱ्यांच्या कानात तर सगळा कलकलाट एकसारखाच शिरतो आणि ते गप्प होतात. पडदे, लाकडी छत, उघडं अंगण असलेली जुनी हॉटेलं या बाबतीत फार बरी. नव्या हॉटेलात भिंतीकडेचं, स्पीकरपासून लांबचं टेबल मागावं आणि संगीत कमी करायला निःसंकोच सांगावं.

वरच्या मजल्यावरची किंवा गच्चीवरची जागा असेल तर बाहेर पडायचा दुसरा रस्ता पाहून ठेवावा. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्र उलटल्यावर मुंबईत कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या रेस्टॉरंटला आग लागली आणि १४ माणसं गेली. त्यातली काही वाढदिवसाला जमलेली होती. जिन्यावर क्रेट रचलेले दिसले, मागचं दार कुलूपबंद दिसलं, की ती जागा कितीही देखणी असो, तिथे आपली माणसं नेऊ नयेत.

गट जमला की पथ्यंही जमतात. जैन जेवण सांगायचं असेल तर ते आदल्या दिवशी सांगावं. वर सांगितलेल्या तयार ग्रेव्ह्यांपैकी बहुतेकींत कांदा आणि लसूण आधीच शिजलेला असतो, ऐन वेळी 'कांदा नको' म्हणून तो निघत नाही. वेगळी ग्रेव्ही करावी लागते आणि गर्दीत ती होत नाही. काजूची ॲलर्जी असेल तर पांढरी ग्रेव्ही वर्ज्य. शेंगदाण्याची असेल तर मराठी थाळीत जास्त जपावं लागतं, कारण दाण्याचं कूट कोशिंबिरीपासून वांग्यापर्यंत कशातही असतं. दात नसलेल्यांसाठी मऊ भात, पिठलं, कढी, साधं वरण मिळेल का हे विचारून ठेवलं की घरातलं सगळ्यात वयस्कर माणूसही पोटभर जेवतं.

शेवटी बिल. टीटीएमएम, म्हणजे ज्याचं त्याने द्यायचं असो की एकाने द्यायचं असो, आकडा आधी कळलेला बरा. साध्या हॉटेलात जीएसटी ५ टक्के. ज्यांच्या बिलावर ते लहान व्यावसायिकांसाठीच्या कंपोझिशन योजनेत असल्याचं छापलेलं असतं, त्यांना ग्राहकाकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही. सेवाशुल्काबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढली: ते आपोआप बिलात घालता येणार नाही, दुसऱ्या नावानेही नाही, द्यायचं की नाही ते ग्राहकाने ठरवायचं. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी ती उचलून धरली. दोघांच्या बिलात हा फरक जाणवत नाही. बारा जणांच्या साडेतीनशेच्या थाळ्या म्हणजे ४२०० रुपये, जीएसटीसह ४४१०. दहा टक्के सेवाशुल्क आणि त्यावरचा कर धरला की तेच ४८५१ होतात. हॉटेलने ते लावलंच तर शांतपणे काढायला सांगावं. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. बाटलीबंद पाण्याचं वेगळं आहे. हॉटेल छापील किमतीपेक्षा जास्त घेऊ शकतं, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला आहे. म्हणून बसल्या बसल्या टेबलावर बारा बाटल्या मांडल्या जात असतील तर लगेच साधं पाणी मागावं.

टीप मात्र जरूर द्यावी, आणि ती यूपीआयने बिल भरताना रक्कम वाढवून देऊ नये. ते पैसे मालकाच्या खात्यात जातात. ज्यांनी तीन-तीन फेऱ्या वाढलं, त्या दोघा-तिघांच्या हातात रोख द्यावेत. त्यासाठी घरून निघतानाच कुणीतरी एकाने सुट्या नोटा जवळ ठेवाव्यात.